खानदेशातील पडदा आणि पोरांचे तीरकामठे

दूरदर्शनवरील मारामारी पाहून मुले मारकुटी होतात काय, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या पालकांना घरात दूरदर्शन संच आल्यावरच पडू लागला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु करमणुकीचे एखादे नवे साधन या मुलखात उतरले की वडीलधाऱ्या मंडळींना मुलांची काळजी लागायची, हा क्रम तापीच्या खोऱ्यात फार जुना आहे, आणि येथल्या खेळतमाशांचा इतिहास जो सावकाशीने पाहील त्यास त्या काळजीचे स्वरूप कसे पालटत गेले हेही उमगेल.

पिके निघून शेते मोकळी झाली, कापूस जिनांत जाऊन पडला, की खानदेशात जत्रांना खरा रंग चढे. सारंगखेड्यास मार्गशीर्षात दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार, धुळ्यास पांझरेच्या काठी चैत्रात एकवीरादेवीची यात्रा, अमळनेरास बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांचा वैशाखी उत्सव, आणि लहानमोठ्या असंख्य गावी देवाच्या नावाने ओढल्या जाणाऱ्या बारागाड्या, असा हा पसारा होता. एकीला एक जोडलेल्या, माणसांनी गच्च भरलेल्या त्या गाड्या भगत ओढू लागला म्हणजे पोरे चाकांच्या अगदी लगतीने धावत, आणि त्या धावण्यात जिवाला धोका असूनही त्यांना कोणी घरी डांबून ठेवीत नसे. रात्री तमाशाची कनात उभी राही. गणगौळण आटोपून वग सुरू झाला की दरोडेखोर, कपटी प्रधान आणि सूड उगवणारे राजपुत्र यांची गर्दी होई, बेगड लावलेल्या लाकडी तलवारी खणखणल्याचा भास होई, आणि रंगमंचाला नाक लावून मातीत बसलेली पोरे तो रक्तपात डोळे विस्फारून पाहात. मात्र रात्री ज्याचा शिरच्छेद झाला तो प्रधान पहाटे गावच्या विहिरीवर तोंडाचा रंग धूत बसलेला आणि थोड्या वेळाने हॉटेलात चहाची बशी ओठाला लावताना त्याच पोरांना दिसे. वधाचे सोंग आणि सोंग करणारा देह यांतील अंतर त्यांना असे न शिकवता कळत असे, आणि माझ्या मते त्या जुन्या प्रेक्षणाचे सारे रहस्य येथेच आहे.

सरकारदरबारी या विषयाचा विचार निराळ्याच दिशेने चालला होता. १८७६ च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्याला राजद्रोहाची आणि अश्लीलतेची धास्ती होती. १९१८ च्या चलच्चित्रांच्या कायद्याने परवाना देण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाती ठेवला, त्यात पेट घेणाऱ्या फितीपासून प्रेक्षकांच्या जिवाचा बंदोबस्त व्हावा हाही मोठा हेतू होता. आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदीचा हुकूम काढला तो शृंगाराच्या अतिरेकापायी. वगातल्या खुनांविषयी सरकारी दप्तराला सोयरसुतक नव्हते. चित्रपट पाहून गुन्हे वाढतात काय, हा प्रश्न सरकारी चौकशीत आला तो १९२७-२८ साली, दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या समितीपुढे. त्या समितीने देशभर फिरून साडेतीनशेच्या वर साक्षी नोंदविल्या, आणि तिच्या पुढ्यात आलेले आक्षेप आजच्या पालकसभेत ऐकू येणाऱ्या आक्षेपांशी इतके मिळतेजुळते आहेत, की मधली नव्वद-शंभर वर्षे जणू गेलीच नाहीत असे वाटावे.

याच सुमारास आणि पुढे फिरता सिनेमा खेड्यापाड्यांतून पोहोचला. तंबूच्या मधोमध पडदा, बाहेर धडधडणारे तेलाचे इंजिन, एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायकापोरे, अशी ती व्यवस्था असे. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनची 'हंटरवाली' आली आणि मुखवटा घातलेली, चाबूक फिरविणारी नादिया देशभरच्या पोरांच्या खेळात शिरली. पण त्या तंबूतही सारा गाव एकत्र बसलेला असे. अवघड प्रसंगी आजीने पोराचे डोळे झाकावे आणि कोणी बुजुर्गाने मोठ्याने 'अरे, हे खोटं असतं' म्हणावे, याला मुभा होती.

मुंबईस दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्रावरून मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील या शिरपूरच्या पाटील घराण्यातल्या. पण त्यांचा चेहरा मुंबईकरांच्या ओळखीचा झाला तेव्हा खुद्द शिरपुरास ते केंद्र दिसण्याची सोय नव्हती. पुढे १९८४ च्या सुमारास लहान क्षमतेचे प्रक्षेपक देशभर उभारले गेले, आणि २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले तेव्हा गच्चीवरचा अँटेना फिरवून पडद्यावरच्या मुंग्या घालविणे हे खानदेशातील रविवार सकाळचे नित्यकर्म होऊन बसले. संचाला हार घातले जात, आळीतली पोरे ओटीवर दाटीवाटीने बसत, आणि भाग संपताच तीच पोरे मोकळ्या जागेत जाऊन युद्ध मांडीत. खराट्याच्या काड्या आणि वाळक्या पऱ्हाट्यांचे बाण, वेळूच्या कांबीची धनुष्ये, त्यांना सुतळीची दोरी. या मुलखात पऱ्हाट्यांना तोटा नाही. 'डोळा फुटेल रे' हा आयांचा ओरडा त्या दिवसांत घरोघरी ऐकू येई, आणि तो अनाठायी नव्हता, कारण काडीचा बाण खेळातला असला तरी बुबुळाला ते कळत नाही.

याच जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर, सातपुड्यात, भिल्ल-पावरा मुलांच्या हाती खरा तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. वेळूचे धनुष्य, वेळूचीच चिवट दोरी आणि लोखंडी टोकाचा बाण, म्हणजे जीव घेण्यास समर्थ असे हत्यार. परंतु ते मूल हत्यार शिकते ते बापाच्या किंवा काकाच्या सोबतीने, पाखरावर किंवा माशावर नेम धरून, आणि बाण सुटला की पुढे काय होते हे तडफडणाऱ्या जिवाकडे पाहून त्याला कळलेले असते. गावातल्या पोराच्या हाती काडी होती. पण पडद्यावरचे बाण आकाशात एकमेकांवर आदळून तेज उधळीत, जखम दिसत नसे आणि वेदनेचा आवाज येत नसे. हत्याराची भीती ज्याला ठाऊक त्याच्या हाती ते पुष्कळ अंशी सुरक्षित राहिले, आणि ज्याला केवळ त्याची शोभा दिसली त्याच्या हातची काडीही घातक ठरू शकली, ही गोष्ट कोणत्याही चौकशी समितीच्या अहवालाइतकीच विचारात घेण्याजोगी आहे.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची तपासणी केली आहे, तीही येथे सांगितली पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली दाखविले, की मोठ्या माणसाला फुगीव बाहुल्यास बदडताना पाहिलेली मुले संधी मिळताच तसेच बदडू लागतात. १९६३ साली तेच दृश्य पडद्यावरून दाखवूनही तसाच परिणाम दिसला. कॅनडातील एका गावी १९७३ साली दूरदर्शन प्रथमच पोहोचले तेव्हा दोन वर्षांत मुलांची दांडगाई आणि शिवीगाळ वाढलेली आढळली. उलट, दक्षिण अटलांटिकातील सेंट हेलेना बेटावर १९९५ साली ते पोहोचले, आणि तेथील शाळांच्या मैदानावर नजर ठेवणाऱ्या संशोधकांना तशी वाढ आढळली नाही; त्याचे श्रेय त्यांनी बेटावरच्या घट्ट समाजाला दिले, जेथे कोणाचे मूल काय करते हे साऱ्यांना ठाऊक असते. हा निष्कर्ष वाचताना मला जत्रेच्या कनातीत बसलेला गाव आठवला.

मुलाने हिंसा पाहिली म्हणजे ते हिंसक होतेच असे असते, तर खानदेशच्या अर्वाचीन इतिहासातले सर्वांत उजळ पान लिहिलेच गेले नसते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात झेंडा घेतलेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती, शाळकरी वयाची पोरे, ठार झाली. लाठी, बंदूक, रक्त यांतले काहीच त्यांना पडद्यावर पाहावे लागले नाही; पण वयाने मोठ्या कोणीतरी त्यांच्या हाती दगडाऐवजी झेंडा दिला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिकवीत होते आणि तेथील छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः आवरीत होते. छडीवाचून मुले वाढविता येतात हे या जिल्ह्याने तेव्हाच पाहिलेले होते. शाळेतली छडी कायद्याने बंद झाली ती १ एप्रिल २०१० पासून, आणि घरातली अद्याप अनेक ठिकाणी चालूच आहे. बापाने आईवर हात उगारताना जे मूल पाहते, त्याच्यापुढे रावणवधाची काय मातब्बरी!

पडद्याने खरा घात केला तो १ जुलै २०१८ रोजी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशा अफवांच्या चित्रफिती त्या महिन्यांत देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्यांतली एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची, शेवटचा खुलासा कापून टाकलेली. राईनपाड्याच्या आठवडे बाजारात आलेल्या पाच भटक्या माणसांवर लोकांनी संशय घेतला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मरेपर्यंत मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजातली होती. डवर वाजवीत नाथांची गाणी गाऊन दारोदार भिक्षा मागणे हा त्या समाजाचा परंपरेचा व्यवसाय. ज्यांच्या पूर्वजांनी गावोगावच्या पोरांना कथा ऐकविल्या, त्यांना पोरे चोरणारे ठरविण्यात आले. त्या मारहाणीची चित्रफीतही पुढे मोबाइलवरून फिरली.

हात उचलणारे ते लोक मोठी, कर्तीसवरती माणसे होती, लहान मुले नव्हेत. चित्र पाहून मूल अनुकरण करते हे खरे, पण ते बहुधा खेळातले अनुकरण असते आणि शेजारी कोणी शहाणे माणूस बसलेले असले तर ते खेळातच राहते. चित्र पाहून मनात भीती बसली आणि ते चित्र खरे की खोटे हे विचारायला जवळ कोणी नसले, तर ती भीती प्रौढालाही खुनी करते. म्हणून माझी पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे, की मुलांच्या हातून यंत्र हिसकावून घेण्याआधी त्यांच्या शेजारी बसा, जे दिसते ते कोणी, कोठे, कशासाठी तयार केले हे त्यांना विचारा, आणि त्यांच्यादेखत कोणावरही हात उगारू नका.