स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग

आमच्या शेजारच्या घरी गेल्या चैत्रात स्वयंपाकघर नव्याने करायला काढले. चूल मागच्या पडवीत गेली, आत गॅसचा ओटा आला आणि रंगावरून घरात दोन तट पडले. सूनबाईंनी तालुक्याहून रंगांचे नमुन्यांचे पुस्तक आणले होते. त्यांना हवा होता गडद नारिंगी. सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराला चुना. त्यात चिमूटभर नीळ. आमच्या घरात दुसरं काही लागलेलं नाही." निवाडा करायला मला बोलावले. मास्तर म्हटला की त्याला सगळे येते, असा गावात समज असतो!

निवाडा करण्याआधी सासूबाईंची बाजू समजून घेऊ. चुलीच्या घरात भिंत कोणत्या रंगाने रंगवली याला फारसा अर्थ नव्हता. चार महिन्यांत तिचा रंग एकच होई, काजळीचा. म्हणून रंग असा हवा की जो दरसाल स्वस्तात पुन्हा देता येईल. घटस्थापनेपूर्वी जळमटे काढायची, भांडी अंगणात मांडायची आणि भिंतीवर कुंचा फिरवायचा. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदा उकळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भट्टीत चुनखडी भाजताना तिच्यातला कर्बवायू निघून जातो. भिंतीवर लावलेला चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. ओला चुना दाहक असल्यामुळे बुरशी आणि जंतू त्यात टिकत नाहीत. कपड्यांना लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालीत. म्हणजे सफेती ही शोभाही होती आणि औषधही.

चुन्याशी कोणताही रंग नांदत नाही. पुष्कळ रंग त्याच्या दाहाने उडून जातात. टिकतात ते मातीचे रंग, आपली पिवडी आणि काव किंवा गेरू. त्यांच्यात लोहाचा अंश असतो. गोव्यात आणि कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात तांबडी काव कोरून काढलेली चित्रे आहेत, ती याच मैत्रीची साक्ष.

आणि नीळ? हिची गोष्ट गमतीची आहे. कपड्यांना आणि भिंतीला घालतो ती नीळ झाडाची नव्हे. पूर्वी हा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या दगडापासून काढीत आणि तो फार महाग पडे. 1824 साली फ्रान्समधल्या एका संस्थेने तो स्वस्तात करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकांचे बक्षीस लावले. 1828 साली ते गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळाले. पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून त्याने तोच निळा तयार केला. हा रंग चुन्यात उडत नाही, आणि चुन्याची पिवळट झाक त्याने झाकली जाते. चित्रकारांच्या रंगपेटीतला तो मौल्यवान निळा पुढे वाण्याच्या पुडीत आला तो असा.

निळ्याचा आणखी एक मान सांगतो. 1926 साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात कामगारांच्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे दहा हजार बांधली गेली. त्यातली कपाटे पुष्कळदा निळसर रंगाची असत, कारण माशा निळ्यावर बसत नाहीत असे त्या वेळी मानीत. माशांनी ते मानले की नाही ते माशाच जाणोत! पण स्वयंपाकघराचा रंग निव्वळ डोळ्यांना सुख म्हणून निवडलेला नव्हता, एवढे खरे.

आता सूनबाईंच्या बाजूला येऊ. गॅस आला तशी काजळी गेली. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅस लहान गावांतही पोचला. भिंत वर्षानुवर्षे स्वच्छ राहू शकते तर रंग मनाजोगता का निवडू नये? त्यांचे म्हणणे मला पटले. पण त्याच वेळी माझी नजर भिंतीच्या खालच्या भागाकडे गेली, आणि रंगाचा वाद मी तिथेच थांबवला.

त्या भिंतीला कमरेइतका जुन्या तेलरंगाचा पिवळा पट्टा होता. असे पट्टे पुष्कळ घरांत होते, कारण ते पुसता येत. गडी लोखंडी पत्र्याने तो पट्टा कोरडाच खरवडीत होता. जमिनीवर पिवळी भुकटी पसरली होती, आणि तिच्यात घरातला दीड वर्षाचा नातू रांगत होता.

या भुकटीत काय असू शकते, याचा पत्ता फार दूर लागला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात ब्रिस्बेन शहर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान मुलांना शिशाची विषबाधा होऊ लागली. कुणाची नजर अधू होई, कुणाचे मनगट लुळे पडे. डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 साली सांगितले की दोष घराच्या रंगात आहे. तिथली घरे लाकडी, व्हरांड्याच्या कठड्यांना शिशाचा रंग. उन्हाने त्याची पूड होई, ती मुलांच्या हाताला लागे, आणि बोटे तोंडात जात. अनेकांना हे पटले नाही. 1922 साली मात्र क्वीन्सलंडने मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी असा रंग लावायला कायद्याने मनाई केली. आदल्याच वर्षी, 1921 साली, जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने घरांच्या आतल्या रंगकामात पांढरे शिसे वापरू नये असा करार केला होता, तो रंगाऱ्यांच्या जिवासाठी.

आपल्याकडे हा नियम यायला बराच उशीर झाला. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः भडक पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्यात, शिसे असण्याचा संभव बराच. लहान मुलाच्या मेंदूला ते थोडेसेही बाधते, आणि झालेली हानी भरून येत नाही.

मी काम बंद करवले. नातवाला आत्याकडे पाठवले. भांडी, धान्याचे डबे बाहेर काढले. जिथे जुना रंग घट्ट होता तिथे तो तसाच ठेवून वर नवा द्यायचे ठरले. जिथे पोपडे सुटले होते तिथे पाणी मारून, ओले ठेवूनच काढले. भुकटी झाडूने उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपली, आणि फडकी पुरून टाकली. जाळली असती तर धुरातून पुन्हा तेच विष. शाळेच्या जुन्या दारांना आणि बाकांना रंग देताना शिक्षकबंधूंनीही हे ध्यानात ठेवावे.

मग राहिला रंग. नमुन्याचे पुस्तक दुकानातल्या दिव्याखाली पाहिलेले, त्याचा भरवसा नाही. सूनबाईंना म्हटले, दोन-तीन रंगांचे हातभर पट्टे भिंतीवरच ओढा. सकाळी पाहा, दुपारी पाहा, दिवेलागणीला पाहा. त्यांच्या ओट्यावर एकच खिडकी, तीही उत्तरेची. नारिंगी पट्टा संध्याकाळी विटकरीसारखा काळवंडला. डाळीतला खडा दिसायचा तर भिंतीने उजेड परत टाकायला हवा. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फिकट पिवळा पसंत केला, थेट पिवडीसारखा. डब्यावर शिसे नसल्याचा उल्लेख आहे ना, तो त्यांनी मला वाचून दाखवला.

देव्हाऱ्याच्या कोनाड्याला मात्र चुनाच लागला. नीळ किती घालायची ते सासूबाईंनी कुणाला विचारले नाही.