विरळ हवेचा धडा

उंच पर्वतावर चढणाऱ्या मनुष्याचे डोके दुखू लागते, अन्नावरील वासना उडते, मळमळते व रात्री झोप लागत नाही. हा अनुभव फार जुना आहे; परंतु त्याचे कारण समजावयास शतके लागली. हिमालयातील वाटसरू विषारी वनस्पतींच्या गंधाला दोष देत. चीनमधून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवरील पर्वतांना तर दोन हजार वर्षांपूर्वीच 'डोकेदुखीचे पर्वत' असे नाव पडले होते.

होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात पेरू देशातील पारियाकाका घाट ओलांडला. तेथे त्यांना इतक्या वांत्या झाल्या की आपला अंत जवळ आला, असे त्यांना वाटले. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लिहिले की, तेथील हवा मनुष्याच्या श्वासाला मानवणार नाही इतकी सूक्ष्म आहे. विष नव्हे, हवाच कारण, हे त्यांनी अचूक ओळखले.

पुढचा उलगडा फ्रान्समधील पॉल बेर यांनी केला. हवेचा दाब कमी करता येईल अशा बंद कोठडीत ते स्वतः बसले. दाब उतरताच त्रास सुरू झाला; प्राणवायू हुंगताच तो ओसरला. १८७८ साली त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, परंतु दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो. सुमारे ५,५०० मीटरांवर हवेचा दाब निम्माच उरतो.

या ज्ञानाची किंमत भारी पडली. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' या विमानफुग्यातून तिघे जण आठ हजार मीटरांपर्यंत चढले. क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल मरण पावले. तिसांदिए तेवढे वाचले. त्यांनी सांगितलेली गोष्ट विलक्षण होती : शुद्ध हरपण्यापूर्वी यातना नव्हत्या, उलट आनंद वाटत होता. प्राणवायूची नळी जवळच होती, पण हात उचलेना.

१९६२ च्या युद्धाच्या सुमारास आपले सैनिक सपाटीवरून एकाएकी हिमालयात पोहोचविले गेले. इंदर सिंग व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ आजारी सैनिकांची निरीक्षणे १९६९ साली प्रसिद्ध केली. फुप्फुसांत पाणी साचणे व मेंदूला सूज येणे ही या आजाराची घातक रूपे होत.

आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तेथे हे भय नाही. परंतु आज विमानाने काही तासांत ३,५०० मीटरांवरील लेहला उतरता येते. तेथे पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. तीन हजार मीटरांपलीकडे मुक्कामाची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोके दुखत असता पुढे चढू नये. तोल जाऊ लागला, अथवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे.

मात्र तिसांदिए यांचा अनुभव विसरू नये. विरळ हवेत मनुष्याची स्वतःविषयीची पारखच प्रथम जाते. 'मला काही झाले नाही' हे रोग्याचे म्हणणे प्रमाण मानू नये. निर्णय सोबत्याने घ्यावा, आणि त्याला खाली आणताना एकटे सोडू नये.