दुग्धनलिकांतील कर्करोगाच्या प्रसाराचे आकलन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्तनातील खंडिकांपासून स्तनाग्रापर्यंत दुग्धनलिकांचे शाखायुक्त जाळे पसरलेले असते. बहुसंख्य स्तनकर्करोगांचा आरंभ याच जाळ्याच्या पेशीस्तरात होतो. काही काळ विकृत पेशी नलिकेच्या आतच वाढतात. नलिकेभोवतीचे आधारपटल भेदल्यावर मात्र त्या लगतच्या ऊतींत आणि लसीकावाहिन्यांत शिरू शकतात. हा भेद वैद्यकाच्या ध्यानात कसा आला व त्याचा स्त्रियांवरील उपचारांवर काय परिणाम झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पॅजेट ते ब्लडगुड

१८७४ मध्ये लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी सुमारे १५ स्त्रियांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. या स्त्रियांच्या स्तनाग्रावर प्रथम इसबासारखा विकार दिसला व पुढे दोन वर्षांच्या आत स्तनात कर्करोग आढळला. त्वचेचा दाह आधी व कर्करोग नंतर, असा त्यांचा क्रम होता. ग्लासगोचे विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट म्यूर यांनी विसाव्या शतकात हा क्रम उलटा मांडला : कर्कपेशी खालच्या नलिकांतून वर सरकत स्तनाग्राच्या त्वचेत पोहोचतात. नलिका हा प्रसाराचा मार्ग असल्याचे यातून स्पष्ट झाले.

१९३२ मध्ये अमेरिकेतील अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी आधारपटल न ओलांडलेल्या कर्करोगासाठी 'कार्सिनोमा इन सिटू', म्हणजे स्वस्थानी कर्करोग, ही संकल्पना मांडली. १९३४ मध्ये जोसेफ ब्लडगुड यांनी नलिकांत मृत पेशींचा लगदा साठणाऱ्या 'कोमेडो' प्रकाराचे वर्णन केले.

नाव आणि उपचार

तथापि, नावात 'कर्करोग' असल्याने उपचारही कर्करोगाचेच झाले. विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासह छातीचे स्नायू व काखेतील लसीकाग्रंथी काढल्या जात. त्या काळी गाठ वा स्राव असल्याशिवाय स्वस्थानी रोग क्वचितच सापडे. मॅमोग्राफीने नलिकांतील कॅल्शियमचे सूक्ष्म कण दाखवले आणि १९८० नंतर अमेरिकेत अशा निदानांची संख्या झपाट्याने वाढली. १९८५ मध्ये लहान आक्रमक कर्करोगात स्तन वाचवता येतो, असे फिशर यांच्या चाचणीने दाखवले होते. नलिकेत बंदिस्त रोगासाठी मात्र संपूर्ण स्तन काढणे चालूच होते. ही विसंगती लक्षणीय होय.

प्रसाराचा नकाशा

१९७५ मध्ये वेलिंग्ज व सहकाऱ्यांनी बहुतेक विकृतींचा उगम नलिकांच्या टोकाशी, खंडिकेलगतच्या भागात असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील फाव्हर्ली व हॉलंड यांच्या गटाने त्रिमितीय अभ्यासातून नोंदवले, की उच्च श्रेणीचा रोग नलिकेत बहुधा सलग पसरतो. निम्न श्रेणीच्या रोगात मध्ये निरोगी भाग सुटलेले आढळतात. त्यामुळे गाठीभोवती किती ऊती काढाव्यात, या प्रश्नाला शास्त्रीय आधार मिळाला. ८१८ स्त्रियांच्या चाचणीचे १९९३ मधील निष्कर्षही बोलके होते : गाठ काढून किरणोपचार दिल्यास त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण घटते.

समारोप

डिसेंबर २०२४ मध्ये 'कॉमेट' चाचणीचे दोन वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्पधोक्याच्या रोगात सक्रिय देखरेखीच्या गटात आक्रमक कर्करोगाचे प्रमाण ४.२ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के होते. अंतिम निर्णयास हा कालावधी अपुरा आहे. तरीही प्रसाराचे आकलन जसजसे सूक्ष्म झाले, तसतसा स्त्रीच्या शरीरावरील आघात कमी होत गेला, असे या इतिहासावरून दिसते. वैद्यकातील नामकरण ही केवळ शब्दांची बाब नसते. त्यावर रुग्णाचे शरीर व स्वास्थ्य अवलंबून असते.