मेल्बा लिस्टन : वाद्यवृंदामागील लेखणी

वाद्यवृंद वाजू लागला म्हणजे श्रोत्यांची दृष्टी त्याच्या नायकाकडे जाते. कोणत्या वाद्याने केव्हा कोणता स्वर धरावा हे ज्याने आधी कागदावर लिहिले, त्याचे नाव क्वचितच कोणी विचारतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जाझवादिका मेल्बा लिस्टन यांच्या वाट्याला हेच अनामिकपण आले.

मेल्बाचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. सातव्या वर्षी तिने ट्रॉम्बोन हाती घेतला. या पितळी वाद्याची नळी पुढेमागे सरकवून स्वर साधावे लागतात. त्यातील दूरच्या स्थानापर्यंत लहान मुलाचा हात पोचतही नाही. १९३७ साली कुटुंब लॉस एंजल्सला आले. तेथे १९४३ मध्ये ती जेराल्ड विल्सन यांच्या वृंदात दाखल झाली व वादनाबरोबर वृंदरचनेतही तयार झाली.

१९४९ साली विख्यात गायिका बिली हॉलिडे यांच्यासमवेत दक्षिणेतील संस्थानांचा नव्हे, तर वर्णभेदाने ग्रासलेल्या राज्यांचा दौरा घडला. तो इतका निराशाजनक ठरला की, लिस्टनबाईंनी वादन सोडून लॉस एंजल्सच्या शिक्षण मंडळात नोकरी पत्करली. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी यांनी सरकारी परदेश दौऱ्यासाठी त्यांना परत बोलावले. वृंदात स्त्री कशाला, अशी काही वादकांची कुरकुर होती. परंतु बाईंच्या रचना वाजविण्याचा प्रसंग येताच ती थांबली.

१९५८ साली ध्वनिमुद्रित झालेली 'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स' ही त्यांच्या नेतृत्वाखालील एकमेव तबकडी होय. त्यांचे मोठे कार्य मात्र पियानोवादक रँडी वेस्टन यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतील अनेक राष्ट्रे स्वतंत्र झाली त्या १९६० साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'उहुरू आफ्रिका' या कृतीची वृंदरचना बाईंची आहे. 'उहुरू' म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य.

१९७३ ते १९७९ या काळात त्यांनी जमैकात संगीताचे अध्यापन केले. १९८५ मध्ये पक्षाघाताने ट्रॉम्बोन कायमचा सुटला. तथापि संगणकाच्या साहाय्याने रचनालेखन चालूच राहिले. १९८७ साली 'जाझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान त्यांना लाभला. २३ एप्रिल १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

वाद्य हातून गेले, पण लेखणी गेली नाही. इतिहासलेखकाने तबकडीच्या दर्शनी नावापाशी न थांबता आतील बारीक अक्षरेही वाचावीत, हेच या चरित्राचे मागणे आहे.