कशावरून?

राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढं आहे. कातळाला आरपार पडलेलं भोक, चार-पाच जण सहज मावतील एवढं. तिथे चढून बस. वारा जोराचा असतो, टोपी धरून ठेव. आता पलीकडच्या डोंगरांच्या अंगावरचे आडवे पट्टे बघ. काळा कडा, त्याखाली गवताळ उतार, पुन्हा काळा कडा, पुन्हा उतार. एका डोंगरावरचा पट्टा डोळ्यांनी धरून पुढे सरकलं, की दरी ओलांडून जवळपास त्याच उंचीवर तो पुढच्या डोंगरावर भेटतो.

पाठीमागच्या दगडाला तळहात लाव. हा दगड एके काळी वाहत होता.

'कशावरून?' हे तुझ्या तोंडी येईलच आणि यायलाच हवं. आपण आता बरंच मागे जाणार आहोत. जिथे थांबू तिथे हा प्रश्न विचार आणि पुरावा दाखवल्याशिवाय पुढे हलू नकोस. मुलांना पृथ्वी पहिल्यांदा दाखवतात ती लांबून, अंतराळातून काढलेल्या चित्रात. चित्र सुंदरच आहे. पण आपण राहतो त्या ग्रहाची पहिली ओळख हाताला, पायाला व्हावी असं मला मनापासून वाटतं.

वाट चुकू नये म्हणून एक नियम लक्षात ठेव. थरावर थर साचलेले असतील आणि मागाहून कशाने उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने हे १६६९ साली मांडलं. म्हणजे आपण खाली निघालो की काळात मागे निघालो.

चल. चारशे वर्षं तर एका श्वासात गेली, राजगडाची तटबंदी नाही, बुरुज नाहीत, नुसता मुरुंबदेवाचा डोंगर. पाच-सहा लाख वर्षं मागे बुलढाण्याच्या बाजूला लख्ख उजेड होतो. अवकाशातून आलेला दगड कातळावर आदळतो आणि पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडतो, आजचं लोणार. थांबायला वेळ नाही. साडेपाच कोटी वर्षांवर उत्तरेकडे नजर टाक. हिमालय नाही. भारत अजून आशियाला पुरता भिडलेला नाही आणि मधे समुद्र आहे. कशावरून? एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात समुद्रात राहणाऱ्या जीवांचे अवशेष सापडतात. समुद्राचा तळ उचलला गेल्याशिवाय ते तिथे पोहोचणार नाहीत.

आता ६.६ कोटी वर्षं. इथे उतर. इथे आपण बराच वेळ थांबू.

डोंगर नाहीत. चहूकडे सपाट काळी जमीन, क्षितिजापर्यंत. ज्वालामुखी म्हटल्यावर शंकूसारखा डोंगर शोधशील, तर तोही फारसा कुठे नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून लाल-पिवळा रस उसळतोय. हवेत काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा वास भरलाय, तो गंधकाच्या वायूचा. जवळ जाऊ नकोस, या रसाचं तापमान ११०० अंश सेल्सियसच्या वर आहे. पण लांबून त्याची चाल बघ. लाव्हाची एक जीभ पुढे सरकते, वरची साय काही मिनिटांत काळी पडते, आत मात्र रस येतच राहतो. जीभ फुगते, कडेला तडकते, तडकलेल्या जागेतून नवी जीभ बाहेर पडते. माणूस आरामात चालत पुढे जाईल इतकी ही चाल संथ असते. संथपणे, पण न थांबता, ती नदी भरते, तळं भरते, जंगल जाळते.

बुडबुडे दिसतात? लाव्हात विरघळलेला वायू वर यायला धडपडतो. काही बुडबुडे सुटतात, काही पृष्ठभागाजवळ अडकतात आणि दगड थिजला की त्यांची भोकं तशीच राहतात. म्हणून गडावर चढताना सच्छिद्र, मऊसर कातळ लागला तर समजायचं, हा एका प्रवाहाचा माथा. त्याच्या पोटातला दगड घट्ट असतो. घट्ट भागाचा कडा होतो आणि सच्छिद्र भाग लवकर झिजून उतार होतो. नेढ्यातून दिसलेले पट्टे ते हेच. दगड वाहत होता हे कशावरून, त्याचं निम्मं उत्तर ही भोकं आहेत. उरलेलं निम्मं हवाई आणि आइसलँडमध्ये मिळतं. तिथे आजही असाच लाव्हा वाहतो आणि थिजल्यावर असाच काळा बेसॉल्ट होतो.

त्या रिकाम्या भोकांचं पुढे काय होतं तेही बघून घे, थोडा काळ पुढे सरकून. पावसाचं पाणी कातळात झिरपतं, दगडातली खनिजं विरघळवतं आणि पोकळीत हळूहळू स्फटिक वाढू लागतात. पीच रंगाचा स्टिल्बाइट, काचेसारखा किंवा फिकट हिरवा अपोफिलाइट. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींत सुरुंग लावल्यावर असे दगड फुटून उघडतात. पुण्याजवळच्या वाघोलीचा गडद निळा कॅव्हान्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत आहे. एकदा तरी असा दगड हातात घे. बाहेरून काळा, ओबडधोबड; आत वायूचा बुडबुडा अडकलेल्या जागी स्फटिकांची दाटी.

लाव्हा सतत वाहत नव्हता. मधे उसंत मिळायची, कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची. त्या काळात वरचा दगड कुजून माती व्हायची, तळी साचायची, झाडं यायची. मग पुढचा प्रवाह येऊन सगळं झाकून टाकायचा. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये वीटकरी लाल पट्टा दिसतो, तो या उसंतीचा. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या खडकात इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. वरळीला तेव्हा गोड्या पाण्याची डबकी होती, हे त्या बेडकांवरून कळतं.

खिशातलं होकायंत्र काढ. सुई बघ, उत्तर टोक दक्षिणेकडे वळलंय. होकायंत्र बिघडलेलं नाही. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं आणि आत्ता ते उलटलेलं आहे. शिवाय आपण जिथे उभे आहोत तो भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, चारी बाजूंनी समुद्र असलेलं मोठं बेट, आणि वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने उत्तरेकडे निघालंय. कशावरून? लाव्हात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. दगड थंड होताना त्या घटकेच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांच्यात कायमची राहते. ती दिशा जमिनीशी किती तिरकी आहे यावरून तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येतं. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांचे नमुने तपासले आणि खंड हलतात या म्हणण्याला बळ मिळालं. त्या वेळी बरेच मोठे भूवैज्ञानिक ही कल्पना हसण्यावारी नेत होते. गडाच्या पायऱ्यांचा, धरणाच्या भिंतीचा, घराच्या जोत्याचा हाच काळा दगड.

आणि ही ६.६ कोटी वर्षं कोणी मोजली? पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार असतो. त्याचा अर्धा साठा संपायला १२५ कोटी वर्षं लागतात आणि संपताना त्यातला काही भाग आर्गॉन वायू होतो. वितळलेल्या लाव्हातून आर्गॉन निसटून जातो, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू. दगड थिजला की नवा तयार होणारा आर्गॉन आत कोंडला जातो. किती पोटॅशियम उरलं आणि किती आर्गॉन साचला हे मोजलं की वय मिळतं. लाल पट्ट्यांत सापडणाऱ्या झिरकॉनच्या कणांत युरेनियम आणि शिसं मोजूनही वय काढलं, तेही याच सुमाराचं आलं. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचता आलं की विश्वास ठेवायला हरकत नाही.

पूर्वेला जरा जाऊन येऊ, लाव्हा पसरण्याच्या थोडं आधी. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला लांब मानेचे प्रचंड डायनासोर चरतायत. ते काय खात होते हे त्यांच्या शेणाच्या दगड झालेल्या गोळ्यांवरून कळलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. हे संशोधन २००५ साली छापून आलं. तोपर्यंत बहुतेकांची समजूत अशी, की गवत डायनासोर संपल्यानंतरचं. सूक्ष्मदर्शकाखालच्या शेणाने ती समजूत मोडली.

डायनासोर संपले त्याच सुमारास मेक्सिकोत सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. इकडे लाव्हा, तिकडे आघात. संहारात कोणाचा वाटा किती, यावर वाद अजून चालू आहे. बहुतेकांचा कल लघुग्रहाकडे आहे, पण दख्खनला बाजूला काढून हा हिशेब कोणालाच करता येत नाही.

आता आणखी खाली. सह्याद्रीच्या पोटात शिरायला वाट आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला आणि तिथली जमीन अजूनही अधूनमधून हादरते. कारण शोधायला कराडच्या सरकारी प्रयोगशाळेने गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतली. त्या बोअरमधून उतर. काळा बेसॉल्ट, लाल पट्टा, बेसॉल्ट, लाल पट्टा. सुमारे सव्वा किलोमीटर हेच चालू राहतं. मग एकदम दगड बदलतो. करडा-गुलाबी, चकाकणाऱ्या दाण्यांचा ग्रॅनाइट. त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. बोट अशा ठिकाणी ठेव की अर्धं वरच्या काळ्या दगडावर असेल, अर्धं खालच्या ग्रॅनाइटवर. त्या सांध्यात जवळजवळ अडीचशे कोटी वर्षं नाहीशी झाली आहेत. त्या काळात इथे काही साचलं असेल तर ते पुढे झिजून, वाहून गेलं.

तीन किलोमीटर फार वाटतात. पृथ्वीच्या केंद्रापर्यंत अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. रशियातल्या कोला इथे माणसाने बारा किलोमीटरपर्यंत भोक पाडलं, त्यापुढे कोणी फार गेलं नाही. मग गाभा आहे हे कशावरून? भूकंपांवरून. १८९७ साली आसाममध्ये महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या लांबलांबच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या जातीच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोहोचल्याचं त्यांना दिसलं. खोलवरून जाणाऱ्या लहरींना मधे काहीतरी अडवतंय, उशीर करतंय, यावरून १९०६ साली त्यांनी गाभा असल्याचं दाखवलं. इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी १९३६ साली त्याच्याही आतला गाभा ओळखला. तिथे कोणी गेलेलं नाही, जाणारही नाही.

ग्रॅनाइटच्या काळात क्षणभरच बाहेर डोकाव, नाकातोंडाला मुखवटा लावूनच. हवेत प्राणवायू जवळजवळ नाही. झाड नाही, मासा नाही. समुद्र बहुधा हिरवट, कारण पाण्यात लोह विरघळलेलं आहे. ते लोह तळाशी थराथराने बसतंय, आणि गोव्यात डिचोली-सांगेच्या खाणींतून निघालेलं खनिज हे अशाच समुद्रात साचलेलं. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांचे थर आहेत. उन्हावर जगायची रीत त्यांना सापडली आहे आणि ते प्राणवायू सोडतायत. तो हवेत साठू लागायला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीचा काळ उजाडेल.

सूर्य लवकर मावळला ना? दिवस तेव्हा लहान होता आणि चंद्र जवळ. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीची गिरकी मंदावत जाते आणि चंद्र लांब सरकतो. जॉन वेल्स यांनी १९६३ साली अडतीसएक कोटी वर्षं जुन्या प्रवाळांवरच्या रोजच्या वाढीच्या रेघा मोजल्या, तर वर्षात जवळपास ४०० भरल्या. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसा ठेवला. त्यावरून परतणारा लेझरचा किरण सांगतो, की चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटरने दूर जातोय.

अगदी तळाशी, ४४० कोटी वर्षांवर, आपल्याकडे उभं राहायलाही दगड नाही. आहेत ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या खडकात सापडलेले झिरकॉनचे वाळूएवढे कण. पृथ्वी तेव्हा जेमतेम १४ कोटी वर्षांची. कणांमधल्या ऑक्सिजनच्या प्रकारांचं प्रमाण असं आहे, की ते ज्या दगडात घडले त्याचा आधी पाण्याशी संबंध आला असावा. म्हणजे पाणी होतं.

ते आलं कुठून? समुद्राच्या पाण्यात थोडा जड हायड्रोजन असतो. त्याचं प्रमाण अवकाशातल्या बर्फाशी ताडून बघतात. रोझेटा यानाने २०१४ साली एका धूमकेतूवर ते मोजलं, तर आपल्या समुद्राच्या तिप्पट भरलं. तो धूमकेतू बाद. कार्बनयुक्त उल्कांमधलं प्रमाण बरंच जुळतं. अगदी कोरड्या समजल्या जाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या उल्कांतही पुरेसा हायड्रोजन निघालाय, म्हणून काही जण म्हणतात, पाणी बाहेरून यायची गरजच नव्हती, पृथ्वी घडली त्या मालातच ते होतं. निकाल लागलेला नाही. पडलेल्या उल्का गोळा करून प्रयोगशाळांत ही मोजणी चालू आहे.