माळावरची तिसरी खेप

प्लेग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकच साल उभं राहतं, 1897. पुणं, रँडसाहेब, घराघरांत शिरणारे गोरे शिपाई, चाफेकर बंधू, 22 जूनची गणेशखिंडीच्या रस्त्यावरची रात्र. शाळेत एवढंच शिकवतात आणि धडा संपतो. मलाही कितीतरी वर्षं वाटायचं, रँड गेला आणि त्याच्याबरोबर प्लेगही गेला.

प्लेग तर तेव्हा नुकता कुठं आला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी, मूळ गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, हेही आपल्याला माहीत असतं. पण मुंबई इलाख्यात सगळ्यांत जास्त माणसं मेली ती त्यानंतर, 1902 ते 1904 च्या सुमारास, 1897 च्या कित्येक पट. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनं गेला तो 1903 साली. 1907 मध्ये तर सबंध देशात एका वर्षात दहा लाखांवर माणसं गेली, त्यातली बरीचशी पंजाबात. या सालांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. या सालांत ना शिपाई, ना पिस्तूल, म्हणून सांगायला गोष्टही नाही. माणसं मरत होती आणि बाकीची कंटाळली होती.

आधी सरकार थकलं म्हणा. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगाचा कायदा केला (हाच कायदा 2020 साली कपाटातून काढून आपल्याला लावला), त्याच्या जोरावर घरं उपसली, सामान जाळलं, बायकांना भर रस्त्यात उभं करून तपासलं. लोक चिडले ते बरोबरच होतं. आपल्या सुनेच्या काखेत गाठ आहे का ते परक्या सोल्जरनं बघावं, हे कोण सोसेल? मार्च 1898 मध्ये मुंबईत दंगल झाली. त्यानंतर सक्ती हळूहळू ढिली पडली, पुष्कळसं लोकांच्या मर्जीवर सोडलं गेलं. पण जुलमाबरोबर जी चार शहाणपणाची कामं आली होती, तीही लोकांनी हळूहळू खाली ठेवली.

आमच्या भागात शहाणपणाचं काम एकच होतं, गाव सोडणं. उंदीर पडला, की माळावर जायचं. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडं येतात आणि रोग आणतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 सालीच सांगितलं, पण ते सगळ्यांना पटेपर्यंत पुढची दहाएक वर्षं गेली. आमच्या माणसांना पिसवेचं काही माहीत नव्हतं. उंदीर आपण होऊन मेला तर घर सोडावं, एवढं माहीत होतं, आणि ते बरोबर होतं. (जैनाच्या घरात उंदीर मारायचा प्रश्न नव्हता. सोडून जाणं त्यापेक्षा सोपं.)

माझ्या आज्जीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगते. गाव चिकोडीकडचं. पहिल्या वर्षी अख्खं गाव एका दिवसात माळावर गेलं. कडब्याच्या झोपड्या, गुरं, जातं, सगळं. बायकांना तीन दगडांची चूल, वाऱ्याला विझणारी. विहीर लांब, आणि पाणी तर गाळूनच घ्यायचं, ते कुणी सोडलं नाही. रात्री कोल्हे ओरडायचे. तरी पहिल्या वर्षी त्यात थोडी जत्रेची मजाही होती म्हणे, पोरांना तर होतीच. दुसऱ्या वर्षी मजा संपली. रिकाम्या घरांत चोऱ्या झाल्या, झोपडीत गळलं, एक बाळंतीण तिथंच बाळंत झाली. तिसऱ्या वर्षी उंदीर पडला तेव्हा निम्मं गाव म्हणालं, बघू.

आणि जे गेले, ते पुरते गेले नाहीत. उपाध्ये रोज सकाळी एकटे गावात जाऊन बस्तीतली पूजा करून यायचे, देवाला उपाशी कसं ठेवायचं? त्यांच्यामागून एकेक जण जाऊ लागला. जाताय तर आमच्या उतरंडीतलं तिखटाचं गाडगं आणा, परड्यातली भाजी आणा. पहिल्या वर्षी ज्या बाईनं वेशीकडं पाऊल टाकलं नव्हतं, ती माझ्या पणजीची जाऊ, तिसऱ्या वर्षी स्वतः तिखटाला गेली. चार दिवसांनी जांघेत गाठ. आज्जी हे सांगताना दरवेळी एकाच वाक्यावर यायची, "दोन वर्सं किती सांभाळली की गं तिनं."

जवळच्या हुबळीत 1898 साली तीस हजारांहून जास्त लोकांनी हाफकिनसाहेबाची लस टोचून घेतली. पण तिचा पहारा काही महिन्यांपुरताच. पुन्हा साथ आली की पुन्हा दंड पुढं करायचा, पुन्हा ताप, पुन्हा हात सुजून भाकरी थापता येत नाही. हा हिशेब पुरुषांच्या अहवालात नसतो.

मी पुष्कळ दिवस विचार करत होते, की आपल्यासारखी नियमात वाढलेली माणसं नियमाला का विटतात? दशलक्षणात दहा दिवस उपास करणाऱ्या बाया आहेत आपल्यात. रत्नकरंड श्रावकाचारात दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्यात. मुदत ठरवून जो त्याग करायचा तो नियम, आणि जन्मभर पाळायचा तो यम. उपासाला पारण्याचा दिवस माहीत असतो म्हणून तो निभतो. पाणी गाळणं जन्माचं, म्हणून त्याचा विचारच करावा लागत नाही, हात आपोआप गाळणं शोधतो. साथीतली बंधनं या दोन्हीत बसत नाहीत. पारणं कधी, ते कुणी सांगू शकत नाही, आणि जन्मभर पाळा असंही कुणी म्हणत नाही. चार आठवडे, मग आणखी दोन, मग बघू.

आपलं तसंच झालं की. 2020 मध्ये आपण भाजी सोड्याच्या पाण्यात धुतली, दुधाची पिशवी पुसली, मास्क रोज उकळून दोरीवर वाळत घातले. 23 सप्टेंबरला आपले खासदार सुरेश अंगडी कोरोनानंच दिल्लीत गेले. सबंध बेळगाव हळहळलं. फेब्रुवारी 2021 मध्ये देशात रोजचे नवे रोगी दहा-बारा हजारांवर आले आणि आपल्याला वाटलं, झालं पारणं. अंगडींच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली. ज्या रोगानं जागा रिकामी केली, त्याच रोगाची दुसरी लाट चढत असताना प्रचाराच्या सभा भरल्या, 17 एप्रिलला मतदान झालं. कुणा एका पक्षाला बोलून काय करायचं, आपणही घरी बसलो नव्हतो. आठवड्यानं, 25 तारखेला, महावीर जयंती सलग दुसऱ्या वर्षी मिरवणुकीविना गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांवर रोगी सापडत होते.

मार्चच्या शेवटी आमच्या नात्यातलं एक लग्न झालं. कार्यालय भरलेलं. दारात एक मुलगी सॅनिटायझर घेऊन उभी होती, दुपारपर्यंत ती बाटली टेबलावर ठेवून जेवायला गेली. फोटो अजून माझ्याकडं आहे. आम्ही चौदा जणी, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, वर्षभरानं एकमेकींना भेटलेल्या. दोघींचे मास्क हनुवटीवर, बाकीच्यांचे पर्समध्ये. माझाही. वर्षभर आमच्या घरात सगळ्यांत कडक पाळलं होतं ते माझ्या नणंदेनं. फोटोत ती डावीकडून तिसरी आहे, हसतेय. अक्षय तृतीयेला उसाचा रस काढायचं काम दरवर्षी तिचं असायचं. त्या वर्षी मी काढला.