बार्शीची ग्रामीण एचपीव्ही तपासणी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रासह शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून राबविलेला गावपातळीवरील तपासणी-अभ्यास. एचपीव्ही विषाणूचा दीर्घ संसर्ग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो. लक्षणे मात्र उशिरा दिसतात. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले होते. प्रशिक्षित परिचारिकांनी गावोगावी नमुने घेतले. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले: चाचणी-गटात ३४, तुलना-गटात ६४. ग्रामीण आरोग्यसेवेसाठी हा मोलाचा पुरावा होय. तुलना-गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. त्या स्त्रियांना चाचणीविना ठेवल्याचा नैतिक आक्षेप गंभीर आहे. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.